दीड टनाचा एसी, गावठाणातलं घर: वायरिंगच्या प्रकल्प नोंदी

६ एप्रिल, पाहणी

गाव हिंगणघाट तालुक्यातलं. घर गावठाणात, समोर ओसरी, मागे न्हाणी आणि गोठा. एसी बसवायची खोली १२ बाय १४ फूट, वर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत नऊ इंची विटेची. दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन त्याच भिंतीवर असतं.

मशीन आधीच घेतलेली आहे: दीड टन, इन्व्हर्टर स्प्लिट, गॅस आर-३२. पाटीवर १६२० वॅट, ७.३ अँपिअर, आणि कमाल करंट १०.५ अँपिअर. वायरचा हिशोब या शेवटच्या आकड्यावर करायचा. पहिले दोन आकडे बाहेर ३५ अंश धरून काढलेले असतात. विदर्भात मे महिन्यात ३५ अंश सकाळी दहालाच मागे पडतात. बाहेर ४४-४५ झालं की मशीनचा थंडावा कमी होतो आणि करंट वाढतो.

आजची वायरिंग अशी: खांबापासून ३५ मीटर सर्व्हिस वायर, ४ चौ.मिमी अॅल्युमिनियम. मीटरनंतर किटकॅट (चिनी मातीचा, तार घालायचा) फ्यूज, तोही फक्त फेजवर. तिथून खोलीपर्यंत १८ मीटर, १.५ चौ.मिमी तांबं, मध्ये एक पिळून टेप मारलेला जोड. अर्थिंग म्हणून अंगणात दोन फुटांची सळई ठोकलेली.

संध्याकाळी साडेसातला मोजमाप घेतलं. लोड नसताना २०६ व्होल्ट. खोलीतल्या बोर्डावर दोन किलोवॅटचा पाणी तापवायचा रॉड लावला (बादलीत, हात लांब). मीटरजवळ २००, खोलीत १९५, करंट ७.४ अँपिअर. म्हणजे ६ व्होल्ट मीटरच्या अलीकडे, खांबाच्या बाजूला गेले आणि ५ व्होल्ट घरातच. घरातला विरोध ५ भागिले ७.४, म्हणजे ०.६८ ओहम. वायरचे धरले तर ०.४८ च होतात. उरलेले ०.२ ओहम किटकॅट आणि त्या पिळलेल्या जोडात आहेत. दहा अँपिअर वाहिले की तिथे २० वॅट उष्णता, आणि ती नखाएवढ्या जागेत. एसीची वायर जळाली म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा वायर नाही, जोड जळालेला असतो.

एसी बसवणारा माणूस भिंतीला भोक पाडून, नळ्या जोडून अर्ध्या दिवसात मोकळा होतो. तो प्लग देतो, पण प्लगच्या मागचं घर बघत नाही. इथे काम मुख्यतः त्या मागच्या भागाचं आहे.

८ एप्रिल, लोड आणि सामान

मंजूर भार १ किलोवॅट. एसी, फ्रिज, अर्धा एचपीची पाण्याची मोटर, इस्त्री, पंखे मिळून एका वेळी २३ अँपिअरपर्यंत जाऊ शकतं. महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज केला, सोबत परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. सर्व्हिस केबल बदलायची ती याच अर्जाबरोबर. खांबावर चढणं आणि मीटरचं सील हे दोन्ही खाजगी वायरमनचं काम नाही. 'लाइनमन ओळखीचा हाये, तारेवर आकडा टाकून देते' हा मार्ग इथे बंद.

सामान:
सर्व्हिस केबल २ कोअर १० चौ.मिमी अॅल्युमिनियम, ३८ मीटर, सोबत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार आणि रील.
एसीसाठी तांब्याची एफआर (आग न पसरवणारी) वायर ४ चौ.मिमी: लाल २० मीटर, काळी २० मीटर, हिरवी २० मीटर.
२५ मिमी पीव्हीसी पाइप, जाड दर्जाचा, १८ मीटर.
डीपी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आयसोलेटर, म्हणजे मुख्य स्विच, ४० अँपिअर, १ नग.
आरसीसीबी (करंटची गळती होताच पडणारा खटका) २५ अँपिअर, ३० मिलीअँपिअर, टाइप ए, १ नग (एसीसाठी). आरसीसीबी ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअर, १ नग (बाकी घरासाठी).
डीपी एमसीबी (जास्त करंटला पडणारा खटका) सी-२०, म्हणजे सी प्रकारची २० अँपिअरची, २ नग: एक बोर्डात, एक एसीजवळ पत्र्याच्या पेटीत.
एमसीबी बी-६ आणि सी-१६, बाकी सर्किटना लागतील तसे.
कमी-जास्त व्होल्टेज तोडणारा संरक्षक, ४० अँपिअर, परत चालू होण्याचा विलंब ३ मिनिटं.
टाइप २ एसपीडी (विजेमुळे येणारा व्होल्टेजचा झटका अडवणारा), १ नग.
अर्थिंग: ४० मिमी जीआय पाइप २.५ मीटर, २५ बाय ३ मिमी जीआय पट्टी ७ मीटर, बेंटोनाइटच्या २५ किलोच्या २ पिशव्या, झाकणासह चेंबर.
लग, फेरूल (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या), आणि अॅल्युमिनियम-तांबं जोडण्यासाठी बायमेटल लग.

दुकानदार अजून 'सेवन-ट्वेंटी' म्हणून वायर देतो. जुन्या मापाची ७/२० (वीस गेजच्या सात तारा) साधारण साडेचार चौ.मिमी भरते, ती चालेल. पण गुंडाळीवर आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) आणि चौ.मिमी छापलेलं पाहूनच घ्यायची. स्वस्त गुंडाळीत तांबं कमी आणि प्लास्टिक जाड असतं. हातात घेऊन ते कळत नाही. ९० मीटरच्या पूर्ण गुंडाळीचा विरोध मोजला की कळतो: ४ चौ.मिमीला अर्ध्या ओहमच्या आत यायला हवा.

४ चौ.मिमीच का? १८ मीटरवर अडीच आणि चारमधला व्होल्टेजचा फरक जेमतेम एक व्होल्ट आहे, तेवढ्यासाठी कोणी जास्त पैसे घालू नयेत. कारण उष्णतेचं आहे. भिंतीतल्या पाइपमधली अडीचची वायर ३० अंशांना साधारण २४ अँपिअर झेपवते, चारची ३२. पण हा पाइप पश्चिमेच्या भिंतीतून आणि स्लॅबखालून जातो. तिथे मे महिन्यात ५५ अंश सहज होतात. त्या तापमानाला क्षमता ०.६१ पटीवर येते. अडीचची उरते साडेचौदा, चारची साडेएकोणीस. वीसच्या एमसीबीमागे साडेचौदाची वायर म्हणजे वायर तापून मऊ होईपर्यंत एमसीबी गप्प बसणार. पुण्यात चाललेली अडीचची वायर इथे चालेलच असं नाही.

११ एप्रिल, अर्थिंगचा खड्डा

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा.

आधी जुन्या सळईचं मोजमाप. तीन खुंट्यांचं मीटर, करंटची खुंटी ३० मीटरवर गल्लीत, व्होल्टेजची साडेअठरा मीटरवर. आकडा ६४ ओहम. खुंट्यांभोवती आधी पाणी ओतावं लागलं, नाहीतर भेगाळलेल्या काळ्या मातीत खुंटी पकडच घेत नाही आणि मीटर वाट्टेल ते दाखवतं.

घरच्यांचं म्हणणं: 'बल्ब पेटते नं, म्हणजे अर्थिंग बरोबर हाये.' फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहायची ही तपासणी गावोगाव चालते, म्हणून आकड्यात लिहून ठेवतो. १०० वॅटच्या बल्बचा पेटलेला असतानाचा विरोध ५२९ ओहम. त्याच्यापुढे ६४ ओहमचं अर्थिंग म्हणजे फार तर पंचवीस व्होल्ट कमी. बल्ब जरा पिवळा दिसेल, पेटेल मात्र नक्की. वीस ओहमला तर फरक डोळ्यांना दिसणारही नाही. बल्ब ०.४ अँपिअर मागतो. फॉल्ट झाला, म्हणजे फेज पत्र्याला लागला, की अर्थिंगला तीस-चाळीस अँपिअर वाहून न्यायचे असतात. शिवाय ही तपासणी करताना त्या सळईवर फेज सोडलेला असतो आणि अंगणात पोरं, गुरं फिरत असतात.

काळी माती ओली असेपर्यंत अर्थिंगला उत्तम. पावसाळ्यात तिच्यात सळई ठोकली की आकडा छान येतो, म्हणून कंत्राटदार पावसाळ्यात मोजून मोकळे होतात. एप्रिल-मेमध्ये तीच माती आकसते, दोन बोटं जातील अशा भेगा पडतात आणि सळईला सोडून बाजूला होते. सळई आणि मातीमध्ये हवा राहते. म्हणून खोल जायचं आणि ओल शोधायची. मोजमाप उन्हाळ्यातलंच खरं मानायचं.

जागा न्हाणीच्या सांडपाण्याच्या कडेला, पण पायापासून दीड मीटर सोडून. हाताच्या बोअरने सहा इंची भोक २.५ मीटर खोल. वरचे चार फूट काळी, कोरडी. त्याखाली पिवळसर, चुनखडीचे खडे असलेली, ओल धरून ठेवलेली. त्याच्याही खाली मुरूम लागायला सुरुवात झाली. इथला खडक बेसाल्ट, त्यात शिरून उपयोग नाही. पाइपला १२ मिमीची भोकं पाडून पाइप मधोमध उभा केला, बेंटोनाइट पाण्यात कालवून भोवती ओतलं. दोन पिशव्या पुरल्या.

मीठ घातलं नाही. मिठाने पहिल्या वर्षी आकडा उतरतो, पण दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं आणि जीआय पाइप गंजवून जातं. बेंटोनाइटचंही एक समजून घ्यावं: ती फुगणारी चिकणमातीच आहे, काळ्या मातीच्याच कुळातली. पूर्ण वाळली तर तीही आकसते. न्हाणीचं पाणी जवळ हवं ते याचसाठी. चेंबरमध्ये उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकायचं, हे घरात सांगून ठेवलं.

आजचा आकडा ११ ओहम. माती बसल्यावर पुन्हा मोजायचं.

१३ एप्रिल, आरसीसीबी का

घरमालकांनी विचारलं: एवढं अर्थिंग केलं, एमसीबीही आहे, मग हा वेगळा खटका कशाला?

अर्थिंग ७ ओहमवर आलं असं धरू. मशीनच्या पत्र्याला फेज लागला तर वाहणारा करंट २३० भागिले ७, म्हणजे जास्तीत जास्त ३३ अँपिअर. सी-२० एमसीबी झटक्यात पडायला पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे किमान १०० अँपिअर. ३३ अँपिअरवर ती फक्त तापून पडेल आणि त्याला मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ आउटडोअरच्या पत्र्यावर दोनशेच्या आसपास व्होल्ट उभे. एमसीबी वायरला वाचवते. माणसाला वाचवणारा खटका ३० मिलीअँपिअरवर पडणारा आरसीसीबी, आणि त्याला अर्थिंग ५० ओहम असलं तरी चालतं. मग अर्थिंग कशाला? ते नसेल तर गळती आधी माणसाच्या अंगातून जाते आणि मग खटका पडतो. अर्थिंग असेल तर माणसाने हात लावण्याआधीच पडतो. दोन्ही हवेत.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. लोखंडी पेटी, पाणी, उघडे पाय, दोन पिनांची वायर आणि आरसीसीबी नाही: सगळं एका ठिकाणी जमून येतं. एसीच्या निमित्ताने बसवलेला दुसरा आरसीसीबी या घरात एसीपेक्षा कूलरसाठी जास्त कामाचा आहे.

१९ एप्रिल, बोर्ड आणि वायरिंग

नवीन सर्व्हिस केबल ओढून मिळाली. मीटरनंतरचा क्रम: ४० अँपिअर आयसोलेटर, एसपीडी, व्होल्टेज संरक्षक, मग दोन फाटे. एकावर एसीचा आरसीसीबी आणि सी-२०, दुसऱ्यावर बाकी घराचा आरसीसीबी आणि त्याच्या एमसीबी. किटकॅट काढून टाकला. अॅल्युमिनियमची केबल थेट पितळी टर्मिनलमध्ये आवळली नाही, बायमेटल लग घातला. अॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, वर्षभरात जोड ढिला होतो, मग तापतो.

एसीची फेज, न्यूट्रल, अर्थ बोर्डापासून खोलीपर्यंत अखंड, मध्ये एकही जोड नाही. सुट्या तारांना फेरूल दाबून मगच स्क्रू. आवळल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून पाहायची.

वायर ओढल्यावर, मशीन जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा विरोध मोजणाऱ्या मीटरने) तपासणी: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही १०० मेगाओहमच्या वर. मेगर मशीन, एसपीडी आणि व्होल्टेज संरक्षक सुटे ठेवूनच मारायचा. इन्व्हर्टरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड मेगरने मरतं आणि ते वॉरंटीत बसत नाही.

घराचा आरसीसीबी चालू केला की लगेच पडत होता. एकेक सर्किट सुटं करत गेल्यावर गोठ्यातला बल्ब सापडला. त्याला फेज घरातून, न्यूट्रल मात्र गोठ्याच्या लोखंडी खांबाला. पूर्वी कधीतरी न्यूट्रल तुटला असेल, कोणीतरी जमिनीचा घेऊन काम भागवलं. वावरातल्या मोटरीवर लाइट लावायला हाच प्रकार चालतो. तसा बल्ब पेटत राहतो. पण जमिनीत गेलेला करंट आरसीसीबीला गळतीच दिसते, आणि खांबाशी बांधलेल्या बैलाला त्याचा त्रास होतो. गुरांना माणसापेक्षा कमी व्होल्टेजचा धक्का जिवावर बेततो. गोठ्यापर्यंत नवीन न्यूट्रल आणि अर्थ ओढले. त्यानंतर आरसीसीबी टिकला.

दुसरी नेहमीची चूक इथे नव्हती, तरी तपासली: एसीचा न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीच्या न्यूट्रल पट्टीवर जाता कामा नये. दोन आरसीसीबी म्हणजे दोन वेगळ्या न्यूट्रल पट्ट्या. एकत्र झाल्या की दोन्ही खटके पडतात आणि लोक मशीनला दोष देतात.

२१ एप्रिल

अर्थिंगचा आकडा ७ ओहम. चेंबरपासून बोर्डापर्यंत जीआय पट्टी, मातीतल्या जोडावर डांबर. घरातल्या घरात न्यूट्रल आणि अर्थ कुठेही जोडायचे नाहीत.

२३ एप्रिल, मशीन बसवली

आउटडोअर उत्तरेच्या भिंतीवर, ओसरीच्या टिनापासून दूर. टिनाखाली बसवायचा आग्रह होता, 'ऊन लागणार नाही' म्हणून. पण टिनाखाली गरम हवा कोंडते, मशीन स्वतःचीच गरम हवा परत ओढते आणि ४५ अंशांना हाय प्रेशरवर बंद पडते. मागे एक फूट, समोर चार फूट मोकळं, वर दोन फुटांवर हिरवी शेडनेट. एवढं पुरे.

नळ्या पाव इंच आणि अर्धा इंच, लांबी साडेचार मीटर, म्हणून जादा गॅसचा प्रश्न नाही. फ्लेअरवर (नळीच्या रुंदावलेल्या टोकावर) तेलाचा थेंब, टॉर्क पान्याने पाव इंचीला १६ आणि अर्धा इंचीला ५५ न्यूटन-मीटर. गळती तपासायला नायट्रोजन ४०० पीएसआय भरून रात्रभर ठेवला. दुपारी चारला बाहेर ४२ अंश होते, सकाळी सहाला २७. काटा ३८० वर. ही गळती नाही. तापमान उतरलं की दाब एवढाच उतरतो. ३६० दिसला असता तर साबणाचं पाणी घेऊन जोड शोधावे लागले असते.

इनडोअर-आउटडोअर केबल ४ कोअर, २.५ चौ.मिमी, कारण या मॉडेलला सप्लाय इनडोअरला येतो आणि कॉम्प्रेसरचा सगळा करंट या केबलमधून जातो. १, २, सिग्नल आणि अर्थ. रंग दोन्ही टोकांना लिहून घेतले. १ आणि २ ची (फेज-न्यूट्रलची) अदलाबदल झाली तरी पंखा फिरतो, पण सिग्नल न्यूट्रलच्या आधाराने चालतो. मग दोन मिनिटांत संपर्काची एरर येते आणि लोक कार्ड बदलायला निघतात. या केबलला जोडही चालत नाही.

प्लग लावला नाही. पत्र्याच्या पेटीतल्या डीपी एमसीबीत मशीनची वायर थेट आवळली. सोळाच्या सॉकेटमध्ये तासन् तास आठ-नऊ अँपिअर वाहिले की पितळी पाकळ्या ढिल्या पडतात आणि पिन काळी पडते.

आउटडोअरमध्ये केबल शिरते तिथे आधी खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न जाता झोळावरून गळतं. भोक पुटीने बंद. भिंतीचं भोकही आतून-बाहेरून बंद, बाहेरच्या बाजूला उतार. खेड्यात आउटडोअरचं कार्ड जळण्याचं एक ठरलेलं कारण पाल. पावसाळ्यात उबेला आत शिरते, दोन टर्मिनलला एकदम टेकते आणि स्वतःसकट कार्ड घेऊन जाते. उंदीर इन्सुलेशन कुरतडतात ते वेगळंच. पुटीचा गोळा त्यामानाने अगदी स्वस्त.

२४ एप्रिल, चालू केली

नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढली: व्हॅक्यूम ४०० मायक्रॉनपर्यंत (आकडा जितका कमी तितका चांगला), पंप बंद करून दहा मिनिटं ठेवल्यावर ५०० च्या आत टिकला. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. गॅस सोडून नळीतली हवा बाहेर काढायची जुनी पद्धत इथे करायची नाही.

दुपारी तीन, बाहेर ४४ अंश: मशीनजवळ २१४ व्होल्ट, ८.४ अँपिअर. इनडोअरमध्ये शिरणारी हवा ३१, त्यातून बाहेर पडणारी १८. न्यूट्रल-अर्थमध्ये दीड व्होल्ट. हा शेवटचा आकडा कोणी घेत नाही, पण न्यूट्रलची प्रकृती त्यावरून कळते. लोड असताना तो दहा-पंधरावर गेला तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे.

एसीच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, पडला. हे बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. म्हणून मशीनजवळच्या पेटीतून फेज आणि अर्थमध्ये १५ वॅटचा बल्ब क्षणभर लावला. ६५ मिलीअँपिअर गळती होते, बल्ब लुकलुकायच्या आत खटका पडला. आरसीसीबीच्या मागे बल्बचा उपयोग एवढाच.

२७ एप्रिल

घराचा आरसीसीबी रोज रात्री आठ-नऊच्या सुमाराला पडतो अशी तक्रार. एसीचा नाही पडत. गावातल्या कोणी 'तो खटका बायपास करून टाका' असा सल्ला दिला होता. ओसरीतला कूलर सुरू केला की पडतो असं निघालं. कूलरचा पाण्यातला पंप सोडवून मेगर लावला: पाच किलोओहमच्या खाली. म्हणजे चाळीसहून जास्त मिलीअँपिअर गळती, तीही पाण्याने भरलेल्या लोखंडी पेटीत. कूलरची वायर दोन पिनांची, पेटीला अर्थ नाही, आणि ओल्या ओसरीवर उभी. पंप बदलला, तीन कोअरची वायर टाकली, पेटीला लग लावून अर्थ दिला. जुना पंप वायर कापून भंगारात, नाहीतर तो शेजारच्या कूलरमध्ये जातो.

एसी चालू असलेल्या खोलीत कूलर लावू नये, तेही सांगितलं. कूलर खोलीत वाफ भरतो आणि एसीची बरीच ताकद तिचं पाणी करण्यात जाते.

३० एप्रिल, स्टॅबिलायझरचा निर्णय

संध्याकाळचं मोजमाप, साडेसात ते दहा: एसी चालू असताना सर्वांत कमी १९३ व्होल्ट, करंट ८.१. इन्व्हर्टर मशीनचा स्वभाव पंख्याच्या उलट: व्होल्टेज उतरलं की ती करंट वाढवून तेवढीच शक्ती ओढते. म्हणून जुन्या वायरिंगवर व्होल्टेज पडलं की करंट वाढला असता, करंट वाढला की आणखी पडलं असतं. जुना एकूण विरोध दीड ओहम होता, आता ०.७. साडेआठ अँपिअरला पावणेतेरा व्होल्टऐवजी सहा जातात.

पाटीवरची व्होल्टेजची कक्षा १६० पासून सुरू होते. १९३ त्यात आरामात बसतं, म्हणून स्टॅबिलायझर घेतला नाही. खांबावरच १६०-१७० मिळत असतील, डीपीपासून (इथे गावचा ट्रान्सफॉर्मर) घर लांब असेल, तर ४ केव्हीएचा घ्यावाच लागतो. पण तो व्होल्टेज निर्माण करत नाही, मागून जास्त करंट ओढून वाढवतो. बारीक सर्व्हिस वायरवर स्टॅबिलायझर लावला की ती वायरच आणखी तापते. आधी वायर, मग स्टॅबिलायझर.

व्होल्टेज संरक्षक १७० ते २७० वर लावला.

१७ मे

दुपारी वादळी वारा. संध्याकाळी संरक्षकाने घर तोडलं, चालू केलं, पुन्हा तोडलं. पडद्यावर २४१, २६३, २८४, मग एकदम १९८. शेजारी काही घरांचे बल्ब लखलखीत, काहींचे विझायला आलेले. ही न्यूट्रल सुटल्याची खूण. तीन फेजचा सामाईक न्यूट्रल ढिला झाला की ज्या फेजवर लोड कमी त्या घरांना चारशेच्या दिशेने व्होल्टेज चढतं. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही अशा वेळी काही करत नाहीत, त्यांना जास्त व्होल्टेज दिसतच नाही. आयसोलेटर बंद ठेवायला सांगितलं, लाइनमनने खांबावरचा जोड आवळल्यावर २१९ वर स्थिर. गल्लीत दोन टीव्ही आणि एक फ्रिज गेले. या घरात काही गेलं नाही.

सगळ्या यादीतून एकच वस्तू परवडणार असेल तर कोणती, असं विचारलं गेलं. आधी आरसीसीबी, लगेच दुसरा हा संरक्षक. एसी त्यानंतर.

१४ जून, पहिल्या पावसानंतर

अर्थिंग ४ ओहम. नोंद म्हणून लिहिला. उपयोगाचा आकडा मे महिन्यातलाच. एसपीडीची खिडकी हिरवी. ती लाल झाली की आतलं पुडकं बदलायचं. वीज जवळ पडायला लागली की एसपीडी असला तरी एसीची डीपी एमसीबी हाताने पाडायची.

आउटडोअरचं झाकण उघडून पाहिलं: आत कोरडं, पुटी शाबूत. बोर्डातले सगळे स्क्रू पुन्हा आवळले, सर्व्हिस केबलचा लग पाव फेरा फिरला. पहिल्या उन्हाळ्यानंतर एवढा फिरतोच.

उरलेलं: स्लॅबवर चुन्याचे दोन हात, ते पुढच्या मार्चमध्ये. फिल्टर चालू मोसमात दर पंधरा दिवसांनी धुवायचा, कापूस वेचणीच्या दिवसांत आउटडोअरच्या जाळीवर तंतू बसतात ते ब्रशने काढायचे. आरसीसीबीची टेस्ट बटणं महिन्याला एकदा. अर्थिंगचं पुढचं मोजमाप मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, खुंट्या त्याच जागी. गल्लीतल्या भिंतीवर रंगाने खुणा करून ठेवल्या आहेत.